‘वेळच मिळत नाही हो डॉक्टर!’

गेल्या मार्च महिन्यातली गोष्ट. रात्री साडेआठचा सुमार, दवाखाना बंद करायची वेळ झालेली. तेवढ्यात एक गृहस्थ आत आले. वय ४४, बँकेत अधिकारी. हातात प्लॅस्टिकची फाईल आणि फाईलमध्ये ईसीजी, रक्तातील साखर, थायरॉइड, पोटाची सोनोग्राफी असे सगळे रिपोर्ट. रिपोर्ट नॉर्मल, तक्रारी मात्र भरपूर. छातीत जळजळ, मानेपासून कपाळापर्यंत ठणका, रात्री दोनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही आणि क्षुल्लक कारणावरून मुलांवर खेकसणे सुरू. रक्तदाब मोजला तर १४८/९४ भरला.

"डॉक्टर, मार्च एंड आहे. आत्ता आजारी पडायलासुद्धा सवड नाही. एखादं ताकदीचं इंजेक्शन द्या, म्हणजे महिना निघेल," ते म्हणाले.

हे गृहस्थ आमच्या गावातले चांगले हौशी नट. राज्य नाट्य स्पर्धेत त्यांना अभिनयाचे प्रमाणपत्रही मिळालेले. म्हणून मी विचारले, "शेवटची तालीम कधी केलीत?" त्यांनी थोडा विचार केला. "चार वर्षं झाली असतील. प्रमोशन मिळालं आणि ते सुटलं. वेळच मिळत नाही हो डॉक्टर."

वाचकहो, हे वाक्य मी दिवसातून पाच-सहा वेळा तरी ऐकतो. फिरायला का जात नाही? वेळ नाही. जेवण वेळेवर का नाही? वेळ नाही. रक्तदाब पुन्हा दाखवायला का आला नाहीत? वेळ नव्हता. शिक्षक, दुकानदार, तलाठी, एसटीचे कंडक्टर, नोकरी करणाऱ्या गृहिणी, सगळ्यांचे उत्तर एकच. आज या ‘वेळ नाही’ बद्दलच बोलू, कारण पुष्कळ औषधांच्या चिठ्ठ्या मला त्याच्यापायी लिहाव्या लागतात.

दगदगीने शरीरात काय होते?

अंगावर बैल धावून आला तर आपण पळतो. त्या क्षणी मूत्रपिंडाच्या टोकावर बसलेल्या छोट्या ग्रंथी ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल नावाचे स्राव रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, रक्तात साखर उतरते, पचन मंदावते. पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी शरीराने केलेली ही तयारी असते. धोका टळला की सारे पूर्ववत होते. ताणाला शरीर कसे तोंड देते यावर हान्स सेली या शास्त्रज्ञाने १९३६ साली पहिले टिपण प्रसिद्ध केले. तेव्हापासून एक गोष्ट वारंवार दिसून आली आहे. थोड्या वेळाचा ताण शरीर सहज पचवते. न संपणारा ताण मात्र त्याला पोखरतो.

आजचा आपला बैल म्हणजे साहेबांचा फोन, टार्गेट, कर्जाचा हप्ता आणि रात्री अकरा वाजता ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला निरोप. तो दिसत नाही आणि जातही नाही. त्यामुळे शरीराची तयारी उतरतच नाही. झोप उथळ होते, रक्तदाब चढा राहतो, जठरात आम्ल वाढल्यासारखे वाटते, मान आणि खांदे आखडतात. त्यातच माणूस चहा, तंबाखू, सिगरेट वाढवतो, उभ्या उभ्या वडापाव खातो, चालणे बंद करतो. मग दुखणे दोन्ही बाजूंनी येते.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला. रोज नऊ तासांहून थोडे जास्त आणि आठवड्याचे सहा दिवस, इतके केले की ५५ तास भरतात. आपल्या गावातील कितीतरी दुकानदार आणि खासगी नोकरदार या हिशेबात बसतात. त्यांचे डॉक्टरही बसतात!

आधी काय सुटते?

दिवसात कामे मावेनाशी झाली की काहीतरी कमी करावेच लागते. आपण काय कमी करतो ते पाहा. नोकरीतले काम कमी होत नाही, कारण तिथे जाब विचारणारा साहेब असतो. बँकेचा हप्ता चुकत नाही, कारण नोटीस येते. सगळ्यांत आधी जातो तो छंद, कारण तबला किंवा रंगपेटी कधी तक्रार करत नाही. मग जाते सकाळचे फिरणे. मग झोपेतला एक तास, पुढे दोन तास. आणि शेवटी घरातल्या माणसांशी बोलणे. घरची माणसे सुरुवातीला कुरकुर करतात, नंतर तीही गप्प होतात.

शेतकरी वाचकांना मी हे विहिरीच्या उदाहरणाने सांगतो. झऱ्यांनी रात्रभरात जेवढे पाणी भरते त्यापेक्षा दिवसाचा उपसा जास्त झाला तर विहीर एक दिवस तळ दाखवते. झोप, छंद आणि घरची माणसे हे आपले झरे आहेत. काम वाढले म्हणून आपण झरेच बुजवतो आणि वर मोटार दोन तास जास्त चालवतो. पाणी येत नाही म्हणून मग डॉक्टरकडे ताकदीचे इंजेक्शन मागतो.

एक केसपेपर

आता माझीच गोष्ट सांगतो. सांगताना लाज वाटते, पण सदर लिहायचे तर खरे लिहावे.

सात-आठ वर्षांपूर्वीपर्यंत मी दर गुरुवारी आमच्या आळीतल्या भजनी मंडळात पेटीची साथ करत असे. पुढे दवाखान्याची वेळ सकाळी अर्ध्या तासाने वाढली, संध्याकाळी एका तासाने वाढली. मग ‘फक्त बाहेरगावच्या पेशंटसाठी’ म्हणून रविवारची सकाळही सुरू झाली. पेटी कपाटावर गेली. घरी येईपर्यंत दहा वाजत. ताट वाढलेले असे. एका हाताने जेवायचे आणि दुसऱ्या हाताने मोबाईलवर पेशंटचे रिपोर्ट पाहायचे, अशी सवय लागली.

एका संध्याकाळी कंपाउंडरने तेविसावा केसपेपर टेबलावर ठेवला. त्यावर माझ्या पत्नीचे नाव होते. मला वाटले, थट्टा आहे. दार उघडून ती आत आली आणि पेशंटच्या स्टुलावर बसली. म्हणाली, "अहो, घरी तुमचा नंबर लागत नाही, म्हणून इथे लावला."

चार महिन्यांपासून तिला पाळीत फार रक्तस्राव होत होता. जिना चढताना धाप लागत होती. दोनदा सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा मी "उद्या बघू" म्हणालो होतो. मला ते आठवतही नव्हते. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. कागदासारखी पांढरी. हिमोग्लोबिन निघाले ७.४. बायकांमध्ये ते १२ च्या वर असायला हवे. ओपीडीच्या दारातून येणाऱ्या बाईचा चेहरा पाहून "रक्त कमी आहे, तपासून घ्या" असे सांगणारा मी, रोज माझ्यासमोर बसून जेवणारा चेहरा मला दिसला नव्हता.

सुदैवाने गर्भाशयातली गाठ साधी निघाली. स्त्रीरोगतज्ज्ञांचे उपचार आणि लोह सुरू झाले आणि ती हळूहळू सुधारली. पण त्या दिवशी माझ्या लक्षात आले की मी ‘पेशंटसाठी’ म्हणून जे करत होतो त्याची किंमत मी भरत नव्हतो, ती भरत होती.

रविवारचे मोल

रविवारची सुट्टी आपल्याला कॅलेंडरबरोबर फुकट मिळालेली नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्याविरुद्ध कामगारांना संघटित केले. अर्ज झाले, सभा झाल्या आणि १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. त्यामागे मागणी अशी होती की माणसाचा एक दिवस त्याच्या स्वतःचा, कुटुंबाचा आणि समाजाचा असावा. इतक्या खटपटीने मिळालेला तो दिवस आपण ‘थोडे काम उरकून घेऊ’ म्हणून परत देऊन टाकतो. मीही दिला होता. त्या केसपेपरनंतरच्या रविवारी दवाखान्याच्या दारावर ‘रविवारी बंद’ अशी पाटी लावली. महिनाभर चार-दोन पेशंट नाराज झाले. नंतर ते शनिवारी येऊ लागले.

बायकांचा हिशेब वेगळा आहे

माझ्याकडे येणाऱ्या एक शिक्षिका पूर्वी सुंदर रांगोळ्या काढत, कथाही लिहीत. आता विचारले की हसतात. पहाटे पाचला डबे, मग शाळा, मग सासूबाईंची औषधे, मुलांचा अभ्यास, रात्री शाळेची ऑनलाइन माहिती भरणे. अशा बाईला "वेळेचे नियोजन करा" असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे. नियोजन करूनच ती एवढे निभावते.

केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत, घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. म्हणजे सुमारे पाच तास आणि दीड तास. तेव्हा अशा घरात औषध नवऱ्याला द्यावे लागते. संध्याकाळची भांडी, मुलाचा गृहपाठ, आईला दवाखान्यात नेणे, यांपैकी एक काम कायमचे आपल्या अंगावर घ्या. ‘मदत करतो’ म्हणू नका. मदत म्हटले की आठवण करून देण्याचे काम पुन्हा तिच्याकडेच राहते.

मग करायचे काय?

माझ्या अनुभवातून आणि पेशंटकडून शिकून मी काही गोष्टी सांगतो. त्या औषधासारख्या घ्या, म्हणजे थोड्या मात्रेत पण न चुकता.

१. एक आठवडा वहीत लिहा. आठवड्याचे १६८ तास असतात. झोप ४९, नोकरी ५४, जाणे-येणे १२, अंघोळ, जेवण आणि घरकाम २८ धरले तर २५ तास उरतात. ते कुठे जातात ते प्रामाणिकपणे लिहा. पुष्कळांना मोबाईलचा हिशेब पाहून धक्का बसतो. आणि काहींच्या वहीत खरोखरच काही उरत नाही. त्यांनी स्वतःला आळशी समजणे सोडावे. त्यांच्यावर भारच जास्त आहे आणि तो उतरवण्याचा विचार झाला पाहिजे.

२. झोप आधी. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. "मला पाच तास पुरतात" असे सांगणारे बहुतेक जण बसमध्ये बसल्या बसल्या पेंगतात. छंदासाठी झोप मोडू नका, छंदासाठी टीव्ही मोडा.

३. छंदाचा डोस लहान ठेवा, पण वार ठरवा. ‘वेळ मिळेल तेव्हा’ म्हटले की ती वेळ येत नाही. आठवड्यातून दोनदा अर्धा तास पुरे. शक्य तर सोबत घ्या. भजनी मंडळ, बॅडमिंटन, वाचनालयाचा गट, काहीही. आपली वाट पाहणारे कोणी असले की आपण जातो. डॉ. वसंतराव देशपांडे यांनी अनेक वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत गाणे सांभाळले. आपल्याला तेवढी उंची गाठायची नाही. वाईट वाजवले तरी चालते. हात आणि मन दुसरीकडे गुंतले की तेवढा वेळ ऑफिस डोक्यातून उतरते आणि शरीराला ‘धोका टळला’ हा निरोप मिळतो. २०२३ साली ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात १६ देशांतील ६५ वर्षांवरील सुमारे ९३ हजार लोकांची माहिती प्रसिद्ध झाली. छंद असणाऱ्यांमध्ये उदासीनतेची लक्षणे कमी आणि समाधान जास्त आढळले. अर्थात ज्यांची तब्येत बरी त्यांनाच छंद जमतो, असाही त्याचा एक भाग असू शकतो. पण मग तब्येत बरी आहे तोवरच छंद धरून ठेवावा, हे तर आलेच.

४. दिवसातले एक जेवण घरच्यांबरोबर, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. वीस मिनिटे लागतात.

५. चालणे कामात मिसळा. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे पुरेसे आहे. भाजी आणायला गाडी नको. पत्नीशी किंवा मित्राशी बोलायचे असेल तर चालता चालता बोला.

६. ‘नाही’ म्हणायला शिका. लहान गावात हे अवघड, कारण नाही म्हटले की माणूस दुखावतो. तरीही "या महिन्यात जमणार नाही, पुढच्या महिन्यात नक्की विचारा" एवढे म्हणता येते. सोसायटी, मंडळ, पतसंस्था, समाजाची समिती यांपैकी एकच पद ठेवा.

७. घाईला शेवटची तारीख असावी. मार्च एंड, सुगी, परीक्षा, घरातले लग्न या काळात धावपळ होणारच. कॅलेंडरवर तो काळ कुठे संपतो ती तारीख लिहा. तारीख लिहिता येत नसेल तर ती तात्पुरती घाई राहिलेली नाही. मग कामाची वाटणी, बदली, मदतनीस किंवा कमी उत्पन्न यांपैकी काहीतरी स्वीकारावे लागेल. हा निर्णय घरच्यांना विचारून घ्या.

हे सगळे लिहिताना मला दोन पाळ्यांत काम करणारा तो मुलगाही दिसतो. दिवसा पेट्रोल पंप, रात्री वॉचमन. त्याला मी छंदाबद्दल काय सांगणार? त्याला सांगतो, आठवड्यातून एक रात्र पूर्ण झोप. आणि त्याच्या मालकांना सांगतो, या माणसाला साप्ताहिक सुट्टी द्या. झोप नसलेल्या माणसाच्या हातून चूक होते, अपघातही होतो.

सगळा थकवा दगदगीचा नसतो

आता एक महत्त्वाची सूचना. थकवा आला की ‘कामाचा ताण’ म्हणून सोडून देऊ नका. रक्त कमी असणे, थायरॉइडचा स्राव कमी पडणे, मधुमेह, शाकाहारी लोकांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, घोरणाऱ्यांमध्ये झोपेत श्वास अडखळणे, यांनीही माणूस गळून जातो. साध्या तपासण्यांतून यांतले बरेच कळते. चालताना किंवा जिना चढताना छातीत दडपण आले, ते हातात किंवा जबड्यात गेले, घाम फुटला, तर ती ‘ॲसिडिटी’ समजून सोडा पिऊ नका. तडक रुग्णालय गाठा.

कामाच्या अतिताणाने येणारा ‘बर्नआउट’ २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणात कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदवला. शक्ती संपल्यासारखी वाटणे, कामाबद्दल मनात अढी किंवा तुच्छता येणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे, ही त्याची तीन लक्षणे. याशिवाय दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच आनंद वाटत नसेल, भूक-झोप गेली असेल, जगण्याचा कंटाळा आला असेल, तर ते नैराश्य असू शकते. त्यावर चांगले उपचार आहेत. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे मराठीत बोलता येते. संकोच करू नका.

बँकेतल्या गृहस्थांचे काय झाले?

त्या रात्री मी त्यांना इंजेक्शन दिले नाही. पुढच्या दोन आठवड्यांत तीनदा रक्तदाब मोजला. तो चढाच राहिला, म्हणून गोळी सुरू केली. मीठ आणि चहा कमी केला. आणि चिठ्ठीवर औषधाखाली लिहिले, ‘तालीम, मंगळवारी व शुक्रवारी, रात्री ८ ते ९.’ ते हसले. म्हणाले, "मोठी भूमिका आता झेपणार नाही." मी म्हटले, "मग छोटी करा." त्यांनी प्रकाशयोजना घेतली. जूनमध्ये आले तेव्हा जळजळ बरीच कमी होती, झोप सलग लागत होती. रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि राहील. छंदाने रक्तदाब बरा होतो असे मी म्हणणार नाही. पण मुलांवर खेकसणे थांबले, हे त्यांच्या मुलीने मला परस्पर सांगितले.

माझी पेटीही कपाटावरून उतरली आहे. भात्याचे चामडे उंदराने कुरतडले होते, दोन सूर गंजले होते. दुरुस्त करून आणली. बोटे पूर्वीसारखी चालत नाहीत. मंडळातले लोक चालवून घेतात. पत्नीचे हिमोग्लोबिन आता १२.१ आहे. तो तेविसाव्या नंबरचा केसपेपर मी फाडला नाही. टेबलाच्या वरच्या खणात ठेवला आहे.

वाचकहो, हे सदर वाचून झाल्यावर फार काही करू नका. आज रात्री जेवताना मोबाईल बाजूला ठेवा आणि समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहा. तो थकलेला, फिका, सुजलेला दिसतो का? "बरं वाटतंय ना?" एवढे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.